विकतचे पाणी, वाटलेले पाणी

संतसज्जनहो, या महिन्याचा पाठ पोथीतला नाही, उंबऱ्यातला आहे. विषय आहे पाणी.

आमच्या नांदेडकडच्या गावात एक आड होता. पहाटे पोहरा वाजला की गाव जागे झाले असे समजावे. एखादी बाई दोन दिवस आडावर दिसली नाही, तर दुसरी तिच्या दारात जाई, "का गं, बरं नाही का?" उन्हाळ्यात गाळ काढायचा, तेव्हा घरटी एक गडी येई. पुढे दारोदार बोअर झाले, मग वीस लिटरचे जार आले. आडात आता केरकचरा आहे. मागल्या उन्हाळ्यात शेजारची म्हातारी दोन दिवस तापाने पडून होती. कळले कोणाला? जार टाकणाऱ्या पोराला!

येथे पूर्वपक्ष उभा राहतो, "महाराज, पैसा आमचा, पाणी आमचे. यात वाईट ते काय? आणि तुमच्या त्या आडावर सगळ्यांना कुठे जाता येत होते?"

दुसरा आक्षेप खरा आहे, तो आधी मान्य करू. पाण्याला शिवण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांना 1927 साली महाडच्या तळ्यावर जावे लागले, ही आपल्या समाजाची लाज आहे. जार जात विचारत नाही, आणि बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरला हेही चांगलेच झाले. पण जार पैसा विचारतो. एक दार उघडले, दुसरे लागले.

आता पहिला आक्षेप. 2016 चा लातूरचा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडे पडले. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधीच पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. जिथे माणसे सुखदुःख बोलायची, तिथे पाचापेक्षा जास्त जणांनी जमू नये असा हुकूम! ऐपत होती त्याने टँकर घेतला, नव्हती तो घागर घेऊन रांगेत बसला. ज्याने आपापली सोय विकत घेतली, त्याला सामाईक पाण्याची फिकीर उरत नाही. फिकीर गेली की गाळ काढायला कोणी येत नाही, आणि मग गरीब दोन्हीकडून जातो.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत रॉबर्ट पुटनम नावाच्या अभ्यासकाने 2000 साली एक ग्रंथ लिहिला. चेंडू घरंगळवून खुंट्या पाडण्याचा तिकडे एक खेळ आहे. खेळणारे वाढले, पण मंडळ करून खेळणारे घटले, असे त्याला दिसले. संपन्न देशात माणूस एकटा पडला. आपण तर संपन्न होण्याआधीच एकटे पडत चाललो!

नाथमहाराजांची कथा आपण सांगतो. काशीहून आणलेली कावड रामेश्वराला न वाहता त्यांनी तहानलेल्या गाढवाला पाजली. त्यांनी किंमत पाहिली नाही, तहान पाहिली.

तेव्हा जार फोडा असे मी म्हणत नाही. एवढेच करा. यंदाच्या सप्ताहात मंडपाच्या दाराशी एक रांजण ठेवा, आणि तो घराघराने पाळीने भरा, कोणतेही घर न वगळता. सप्ताह उठला की तेच हात घेऊन गावच्या आडाचा गाळ काढा. आणि आज घरी जाताना शेजारच्या म्हातारीला हाक मारून जा.

रामकृष्णहरि.