धुक्यात वाट दाखवणारं यंत्र

प्रश्न : गगनबावड्याच्या रानात पावसाळ्यात भटकतो. मोबाइल पुरे, की हातातला जीपीएस घ्यावा?

उत्तर : नुसता गगनगड करायचा असेल तर काहीच नको, गगनगिरी महाराजांच्या मठामुळे ती वाट मळलेली आहे. पण करूळ-भुईबावडा घाटांच्या अंगानं रानात शिरणार असाल, तर जरूर घ्या. आषाढातल्या धुक्यात दहा पावलांवरचा कडा दिसत नाही आणि ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही. म्हणून बटणांचाच घ्या. पेन्सिल सेलवर चालणारा उत्तम, जादा सेल खिशात राहतात. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा, त्याखालचा नको. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओचे उपग्रहही पकडणारा हवा, कारण दरीत आभाळ अरुंद दिसतं. रंगीत पडदा, कॅमेरा ही हौस. नकाशा घरीच भरा आणि निघताना वाटेची नोंद सुरू करा. परतीला तीच कामी येते.

एक मात्र सांभाळा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाकडून ती मागवू नका.