साक्ष देण्यापूर्वी

निवडणूक जवळ आली की जुम्याच्या नमाजनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : मतदान हा केवळ नागरी हक्क आहे, की दीनच्या दृष्टीनेही त्याला काही अर्थ आहे? मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताचे तीन पैलू सांगितले आहेत. मत ही शहादत म्हणजे साक्ष आहे, ती शिफारस आहे आणि ती वकालतही आहे, म्हणजे आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार दुसऱ्याला देणे आहे. साक्ष लपवू नये, हे आपण मिंबरवरून आवर्जून सांगतो. ती कशाच्या आधारावर द्यावी, हे मात्र सांगायचे राहून जाते. सूरह बनी इस्राईलच्या 36व्या आयतीत, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागण्यास मनाई आहे आणि कान, डोळे व हृदय यांना जाब विचारला जाईल, अशी ताकीद आहे. आज आपल्या कानाडोळ्यांना राजकारणाविषयी जे समजते, ते बहुतांशी वृत्तवाहिन्या आणि मोबाईल यांच्याकडून समजते.

वृत्तवाहिनीची मोठी ताकद विषय निवडण्यात असते. आठवडाभर एकाच वादावर चर्चा चालली, तर गावातला पाणीप्रश्न मतदाराच्या मनातूनही मागे सरकतो. त्यासाठी एकही खोटे वाक्य बोलावे लागत नाही. समाजमाध्यमे याच्या पुढे जातात. आपण ज्या मजकुरावर अधिक वेळ थांबतो, तसाच मजकूर ती अधिक दाखवतात, आणि माणूस राग व भीती यांपाशी फार थांबतो.

या संदर्भात सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममधील एक प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. हजरत उमर (रजि.) मदीनेच्या बाहेरच्या वस्तीत राहत. ते आणि त्यांचे एक अन्सारी शेजारी आळीपाळीने प्रेषितांच्या (स.) सेवेत जात, आणि जो जाई तो त्या दिवसाची खबर दुसऱ्याला देई. त्या काळात गस्सानच्या हल्ल्याची धास्ती होती. एका रात्री शेजाऱ्याने जोरात दार ठोठावले. गस्सानी आले काय, असे उमर (रजि.) यांनी विचारले. त्याहून गंभीर घडले आहे, प्रेषितांनी (स.) पत्नींना तलाक दिला, असे उत्तर मिळाले. सकाळी मस्जिदीत पाहतात तो मिंबरजवळ लोक रडत बसलेले. त्यांनी आपली कन्या, उम्मुल मोमिनीन हफ्सा (रजि.), यांना विचारले. त्याही रडत होत्या. पण तलाक दिला का, या प्रश्नावर त्यांनी मला माहीत नाही एवढेच सांगितले. मग उमर (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) जाण्याची परवानगी मागितली. ती दोनदा मिळाली नाही, तिसऱ्यांदा मिळाली. आत जाऊन उभ्या उभ्याच त्यांनी थेट प्रश्न केला आणि उत्तर आले : नाही. प्रेषितांनी (स.) केवळ एक महिना पत्नींपासून दूर राहण्याची शपथ घेतली होती.

खबर देणारा शेजारी खोटारडा नव्हता. रडणारे लोक मुनाफिक नव्हते. तरीही बातमी चुकीची होती. प्रत्यक्ष घरातल्या हफ्सा (रजि.) यांनी अंदाज बांधला नाही, याचेही मला विशेष वाटते. सहीह मुस्लिममधील कथनानुसार, उमर (रजि.) यांनी मस्जिदीच्या दारात उभे राहून उंच आवाजात खरी गोष्ट जाहीर केली. सूरह अन्-निसाच्या 83व्या आयतीचा संबंध तेथेच या घटनेशी जोडलेला आहे. आजची बातमी पहिल्या पानावर येते आणि दुरुस्ती आतल्या कोपऱ्यात, उमर (रजि.) यांनी मात्र दुरुस्तीसाठी तीच मस्जिद निवडली, जेथे लोक रडत होते.

एखादी गोष्ट चार ग्रुपवर आली म्हणजे ती खरीच असावी, असे आपल्याला वाटते. हदीसशास्त्र हे मान्य करत नाही. मुतवातिर ठरण्यासाठी कथन करणाऱ्यांची मोठी संख्या प्रत्येक पिढीत, अगदी पहिल्या टप्प्यापासून लागते. एकाच अज्ञात माणसापासून निघालेला संदेश लाखो लोकांनी पाठवला तरी त्याचा उगम एकच आणि अज्ञातच राहतो. व्हॉट्सॲपवर दिसणारी दुहेरी बाणाची खूण, तो संदेश अनेकदा पुढे गेला आहे एवढेच सांगते.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे होते. अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सूरह अन्-नूरच्या 15व्या आयतीत, इफ्कच्या घटनेविषयी, लोकांनी ती गोष्ट जिभांनी घेतली असा शब्दप्रयोग आहे. गोष्ट कानांनी घेतली जाते. येथे कान आणि जीभ यांच्यामध्ये विचाराला जागाच उरली नव्हती.

2020 मध्ये या वृत्तीचा फटका आपल्या समाजालाही बसला. कोरोनाच्या प्रसाराचे खापर तबलीगी जमातवर फोडले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी परदेशी जमातींवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतील अपप्रचारावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. तो निकाल आपण अभिमानाने एकमेकांना पाठवला. मात्र दुसऱ्या समाजाविषयीचा किंवा न आवडणाऱ्या उमेदवाराविषयीचा तसाच संदेश आला, तर आपले बोट किती वेळ थांबते? सूरह अल्-हुजुरातच्या 6व्या आयतीत पडताळणीचे कारण सांगितले आहे ते असे, की अजाणतेपणी कोणत्या तरी लोकांना इजा होऊन नंतर पस्तावण्याची वेळ येऊ नये. ते लोक कोणत्या धर्माचे, अशी अट तेथे नाही.

मतदान संपण्यापूर्वीचे 48 तास जाहीर प्रचार थांबतो. मोबाईल थांबत नाही. अमुक उमेदवाराने माघार घेतली, तमुकाने पाठिंबा दिला, यंत्रात सर्व आधीच ठरले आहे म्हणून जाऊच नका, असे संदेश याच वेळी फिरतात. शेवटच्या प्रकारचा संदेश मला अधिक घातक वाटतो, कारण तो साक्षीदाराला घरीच बसवतो.

पडताळणीची साधने हाताशी आहेत. विधानसभा किंवा लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रात द्यावी लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. यादीत आपले नाव आहे का, हेही तेथेच कळते. नाव नसल्यास नमुना 6 भरावा लागतो आणि तो वेळेत भरावा लागतो. साक्ष ज्याची त्याने द्यायची असते, म्हणून घरातील कर्त्या पुरुषाने आई, पत्नी आणि सुनेला केवळ चिन्ह सांगून केंद्रावर पाठवणे योग्य नाही. रात्रीच्या जेवणानंतर दोन-तीन उमेदवारांची शपथपत्रे घरात मोठ्याने वाचावीत आणि ज्याला जे विचारायचे ते विचारू द्यावे.