अर्थव्यवसायाची शाळेंतील पूर्वतयारी



मागील वर्षीं कुरुंद्याहून शिकावयास येणाऱ्या दहावीच्या एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, मला बँकेंत अधिकारी व्हावयाचें आहे. परंतु आमच्या गांवीं ना मोठी पेढी, ना शेअरबाजार. मग येथें राहून मीं तयारी कशाची करावी?” प्रश्न रास्त होता. तुमच्यापैकीं अनेकांच्या मनांत तो असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम एका थोर पुरुषाचें उदाहरण घेऊं. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 1896 सालीं महाडजवळच्या नाते या गांवीं झाला. 1912 सालीं ते मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांस मिळाली. पुढें केंब्रिजला त्यांनीं वनस्पतिशास्त्रादि विषयांचा अभ्यास केला. हेच गृहस्थ 1943 सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व 1950 सालीं भारताचे अर्थमंत्री झाले. हातीं असलेला विषय पक्का करण्याची जी संवय शाळेंत जडते, ती पुढें कोणत्याहि कारभारांत उपयोगी पडते, हें यावरून ध्यानांत यावें.

आतां त्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. कांहीं दिवसांनीं तो एक कागद घेऊन आला. हळदीच्या बेण्यासाठीं त्याच्या वडिलांनीं दरमहा शेंकडा दोन दरानें वीस हजार रुपये उसने घेतले होते. “दोनच रुपये,” म्हणून त्यांस तें व्याज हलकें वाटे. आम्हीं दोघांनीं फळ्यावर गणित मांडलें. दरमहा दोन म्हणजे सालीना चोवीस. सरळ व्याजानें तीन वर्षांनीं देणें होतें 34,400 रुपये. कागदावर मात्र थकलेलें व्याज दरमहा मुद्दलांत मिळविण्याचें कलम होतें. त्याप्रमाणें आंकडा सुमारें 40,800 वर गेला, म्हणजे मुद्दल दुपटीहून अधिक! बँकेंत सालीना सहा टक्क्यांनीं ठेवलेली रक्कम दुप्पट होण्यास सुमारें बारा वर्षें लागतात. येथें तीनच पुरलीं. मुलानें तें गणित घरीं जाऊन वडिलांस समजावून दिलें. त्यांनीं तें दोनदां करवून घेतलें, आणि हळद विकली जातांच इतर सर्व खर्च मागें ठेवून आधीं तें देणें फेडलें. चक्रवाढ व्याजाचा धडा परीक्षेपुरता नसतो, हें त्या घरास कळलें.

दुसरी तयारी जमाखर्चाची. एक वही करा. रोजकीर्दींत दिवसाची जमा व खर्च घडतील त्या क्रमानें लिहा. आठवड्याच्या अखेरीस त्याच रकमा खतावणींत खात्यावार उतरवा, आणि हातांतील शिल्लक वहीशीं ताडून पाहा. वडील वसमतच्या वा हिंगोलीच्या बाजारांत हळद घालून येतील तेव्हां त्यांची पट्टी मागून घ्या. वजन, भाव, हमाली व तोलाई हीं कलमें स्वतः ताळून पाहा. अकरावीस वाणिज्य शाखेंत पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय येईल, तेव्हां तो तुम्हांस परका वाटणार नाहीं.

तिसरी तयारी भाषेची. वरील कर्जाचें सारें मर्म एका वाक्यांत होतें. ज्यास कागदाचा अर्थ नीट लागत नाहीं, त्याचें गणित बिनचूक असूनहि व्यर्थ जातें. म्हणून मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत कलमें सावकाश वाचण्याचा व त्यांचा सारांश लिहिण्याचा सराव ठेवा.

पुढील वाटाहि सांगून ठेवतों. बँकांतील लिपिकाच्या व अधिकाऱ्याच्या सामायिक परीक्षांस सामान्यतः कोणत्याहि शाखेचा पदवीधर बसूं शकतो. तेव्हां गांवीं वाणिज्य शाखा नाहीं म्हणून निराश होण्याचें कारण नाहीं. ज्यास सनदी लेखापाल व्हावयाचें आहे, त्यास बारावीनंतर प्रवेश परीक्षा, मग मध्यम परीक्षा, कार्यालयांतील प्रत्यक्ष उमेदवारी व अंतिम परीक्षा असा क्रम आहे. वाट लांब आहे, पण गरिबाच्या मुलास बंद नाहीं.

शेवटीं एकच गोष्ट. या व्यवसायांत दुसऱ्याचा पैसा आपल्या हातून जातो. वर्गाच्या सहलीची वर्गणी तुमच्याकडे जमा झाली, आणि हिशेबांत दहा रुपये कमी भरले, तर आंकडा जुळवून टाकूं नका; चूक शोधा, न सांपडल्यास तसें उघड सांगा. आंकडा जुळविणारा कारकून पुष्कळ मिळतो. खरा आंकडा सांगणाऱ्यावर लोक आपली ठेव सोंपवितात.

त्या विद्यार्थ्यानें वही सुरू केली आहे. तुम्हींहि आज रात्रीं पहिलें पान लिहा.