जुन्या मोटारींचे छायाचित्रण : एक छंद आणि एक चूक

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, नाणी, फार तर पक्षिनिरीक्षण, अशी आपली समजूत असते. माझा छंद ऐकल्यावर समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "तुझ्याकडे गाडी आहे का?" नाही. माझ्याकडे सायकल आहे आणि दुसऱ्याने वापरून विकलेला एक कॅमेरा आहे. मी जुन्या मोटारींची छायाचित्रे काढतो. त्यातही अख्ख्या मोटारीपेक्षा दाराची मूठ, पुढची जाळी, व्हीलकॅप, डॅशबोर्डवरची बटणे यांच्यातच मी अधिक रमतो. या छंदात मी काय शिकलो ते सांगावे, असे आमच्या इतिहासाच्या सरांनी सुचवले म्हणून हा लेख. शिकलो त्यात एक मोठी चूक आहे. ती योग्य जागी सांगेनच.

प्रारंभ धरमपेठेत झाला. आमच्या शेजारच्या काकांकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी होती. त्या काळी मोटार हवी म्हणून लगेच मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. काकांनीही पाहिली. पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. तिची आखणी दांते जियाकोसा या अभियंत्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती १९५४ पासून मुंबईत कुर्ल्याला बांधायला घेतली. 'पद्मिनी' हे नाव १९७४ मध्ये आले, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'फियाट'च राहिले. इंजिन १०८९ सी.सी.चे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. त्यामुळे पुढच्या सलग बाकावर काका, काकू आणि मधे मी, असे तिघे मजेत बसत असू.

आता तंत्राकडे वळू. सर्वांत आधी प्रकाश. नागपूरचे ऊन छायाचित्रकाराचे मित्र नव्हे. सकाळी दहानंतर ते डोक्यावर येते आणि क्रोमवर पांढरे फटक डाग पाडते. त्या डागात पुढे काहीही सापडत नाही, मग संगणकावर कितीही खटपट करा. नवतपात तर बोनेटला हात लावण्याची सोय नसते. मी साडेसहाला निघतो आणि आठच्या आत काम आटोपतो. त्याहून उत्तम म्हणजे श्रावणातला ढगाळ दिवस. सारे आकाशच एक मोठा पांढरा दिवा होते, सावल्यांच्या कडा मऊ पडतात आणि पत्र्याचा बाक नीट उमटतो.

क्रोमचा बंपर म्हणजे फुगीर आरसा. त्याच्या छायाचित्रात सर्वांत आधी छायाचित्रकारच येतो. माझ्या सुरुवातीच्या शंभरेक चित्रांत बंपरच्या मधोमध पांढरा शर्ट घातलेला एक बेडूक बसलेला आहे, तो मी. आता मी काळपट शर्ट घालतो, दूर उभा राहून लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपतो आणि शक्यतो गाडीसमोर झाड येईल असे पाहतो. ध्रुवीकरणाचा फिल्टर लावला की सारे प्रतिबिंब जाते, असा अनेकांचा समज असतो. काचेवरचे आणि रंगावरचे जाते, पण उघड्या धातूवरचे जात नाही. धातूवरून परतणारा प्रकाश त्या रीतीने ध्रुवित होतच नाही. हे कळण्यापूर्वी मी फिल्टर विकत घेऊन बसलो होतो. असो, पुढच्या काचेसाठी तो उपयोगी पडतो.

दुसरी अडचण पांढऱ्या गाडीची. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक बिचारा एकाच समजुतीवर चालतो : समोरचे जग सरासरीने करडे आहे. त्यामुळे पांढरी ॲम्बेसिडर मळकट आणि काळी गाडी राखाडी उमटते. पांढरीला एक टप्पा प्रकाश वाढवावा, काळीला कमी करावा. नागपूरकराला पांढऱ्या ॲम्बेसिडरची आठवण वेगळी करून द्यायला नको. हिवाळी अधिवेशन भरले की सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर त्यांच्या रांगा लागत, असे वडील सांगतात. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला त्या बनत. मे २०१४ मध्ये उत्पादन थांबले, आणि १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेही गेले. मला अधिवेशनाच्या दिवसांत एकच ॲम्बेसिडर सापडली, तीही चहाच्या टपरीमागे, टायर बसलेल्या अवस्थेत.

मोबाइलने छायाचित्रे काढणाऱ्या मित्रांसाठी एक सूचना. फार जवळ जाऊ नका. जवळून काढले की पुढचा दिवा भोपळ्याएवढा होतो आणि मागची गाडी आकसते. चार पावले मागे या आणि उकिडवे बसा, म्हणजे कॅमेरा दिव्याच्या उंचीवर येईल. उभ्याने काढलेल्या चित्रात टपच अधिक दिसतो. बारकावा टिपताना भिंगाचे छिद्र एफ ८ किंवा एफ ११ वर ठेवावे आणि कॅमेरा नावाच्या पट्टीला समांतर धरावा. नाहीतर 'प्रीमियर'चा 'प्री' स्पष्ट आणि 'यर' धूसर, असा प्रकार होतो.

चालत्या गाडीची गंमत निराळी. जाक-आँरी लार्तिग या फ्रेंच मुलाने १९१२-१३ च्या सुमारास, विशीत पोचण्यापूर्वी, शर्यतीच्या गाडीचे एक छायाचित्र काढले. त्यात गाडीचे चाक अंडाकृती होऊन पुढे कलले आहे आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक व खांब उलट बाजूला झुकले आहेत. कारण असे की त्या कॅमेऱ्याच्या पडद्यातील फट काचेवरून सरकत जाई. ती सरकेपर्यंत गाडी पुढे गेली. आणि लार्तिग कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता, पण गाडीइतका वेगाने नव्हे. आजच्या मोबाइलमध्येही चित्र ओळीओळीने वाचले जाते, म्हणून धावत्या गाडीच्या बाबतीत हीच करामत घडते. ज्याला तेव्हा बिघाड म्हटले असते, ते चित्र आज वेगाचे चित्र म्हणून जगभर दाखवतात.

पण नुसत्या तंत्राने गाडी कळत नाही. तिचे वाचन यावे लागते. ते मला महालातील एका मिस्त्रींनी शिकवले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "काहून रे पोट्ट्या, गाडी घ्याची हाये का फोटूच काढत राह्यतं?" दुसऱ्या रविवारी स्वतःच एक दार दाखवून म्हणाले, "मूठ कोठं हाये पाह्य." जुन्या फियाटला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणतात. तिच्या पुढच्या दाराच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला असत, म्हणून मूठ पुढच्या कडेला. दार उघडायचे ते वाऱ्याच्या तोंडावर. पद्मिनीत हे उलटे झाले. म्हणजे केवळ मुठीचे छायाचित्र असले तरी गाडीची पिढी सांगता येते. ॲम्बेसिडरचे वय तिच्या जाळीत लपलेले असते. दुसऱ्या मार्कची जाळी बारीक चौकटींची. इंजिनाजवळच्या पट्टीवरचे ठोकलेले आकडे झिजले असतील, तर विजेरी बाजूने, जवळजवळ पत्र्याला टेकवून धरावी. तिरप्या प्रकाशात आकडे उठून येतात. शिलालेख वाचणारे नेमके हेच करतात, हे नंतर वर्गात ऐकले तेव्हा मला माझ्या मिस्त्रींचा अभिमान वाटला.

आता ती चूक. काका २०१९ च्या आरंभी वारले. त्यानंतर गाडी अंगणात उभी होती. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारींच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. शिवाय गाडी चालवणार कोण? मुलगा परगावी. भंगारात द्यायचे ठरले. काकू मला म्हणाल्या, "जायच्या आधी तिचे चांगले फोटो काढून दे रे बाबा." मी तेव्हा अकरावीत होतो. 'चांगले' या शब्दाचा मी माझ्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावला. शनिवारी दुपारी बादली, साबण आणि पॉलिश घेऊन गेलो आणि गाडी आतून-बाहेरून लख्ख केली. डॅशबोर्डच्या पत्र्यावर स्टिअरिंगच्या बाजूला एक लालसर, तेलकट, जाडसर डाग होता. तो काही केल्या निघेना. अखेर रॉकेलच्या फडक्याने घासून काढला. फार समाधान वाटले.

रविवारी सकाळी मी बेचाळीस छायाचित्रे काढली. आजही ती पाहतो. प्रकाश सुरेख आहे, क्रोममध्ये बेडूक नाही. मंगळवारी गाडी ट्रकवर चढली. पुढच्या आठवड्यात चित्रांचे पाकीट घेऊन गेलो. काकूंनी एकेक चित्र शांतपणे पाहिले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले आणि विचारले, "स्वस्तिकाचा नाही काढला का?" गाडी आली त्या वर्षीच्या दसऱ्यापासून काका हयात असेपर्यंत दर दसऱ्याला त्यांनी त्याच जागी, तेलात कालवलेल्या कुंकवाने स्वस्तिक काढले होते. जुने पुसायचे नाही, त्याच्यावरच नवे. १९७८ ते २०१८, एक्केचाळीस दसरे. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. फडक्याची गोष्ट मात्र सांगितली नाही, अजूनही सांगितलेली नाही. हा अंक त्यांच्या हाती पडला तर येथेच कळेल.

त्या दिवसापासून माझ्या छंदाची दिशा बदलली. मोटारीचा चकचकीतपणा टिपायचा तर कारखान्याची जाहिरातपत्रके आहेतच, आणि ती माझ्याहून चांगली आहेत. कारखान्यातून निघाल्यावर गाडीला जे लागले, झिजले, चिकटले, ते कोणत्याही पत्रकात नाही. कोपर टेकून टेकून दाराच्या कडेचा उडालेला रंग, गिअरच्या गोट्यावरचे पुसट झालेले आकडे, मूल मागे बसायचे तिथे खरवडलेले रेक्झिन. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. दप्तर मिळाल्यावर त्यांनी ते धुतले असते तर, असा एक वेडा विचार तेव्हा मनात आला होता.

परदेशातही हा वाद आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरते. तेथे पुन्हा रंगवून नव्यासारख्या केलेल्या गाड्यांचा बोलबाला असे. आता मूळ रंगात राहिलेल्या, न दुरुस्त केलेल्या गाड्यांना स्वतंत्र गट आहे. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची क्रमांकपट्टी मिळू लागली, ही चांगली गोष्ट. तरी माझे मत असे की नव्या रंगाची हौस आपल्याकडे अजून फार आहे. मिस्त्रींच्या शब्दांत, "नवा रंग मारला का गाडीचा जन्मदाखलाच पुसला जाते." रंग मारण्यावरच त्यांचे पोट आहे, तरी ते असे म्हणतात.

या विषयाच्या जिज्ञासूंनी दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. एक, रघुवीर सिंग यांचे 'अ वे इन्टू इंडिया' हे त्यांच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये निघालेले छायाचित्रांचे पुस्तक. त्यात ॲम्बेसिडर हीच चौकट आहे. तिच्या खिडक्यांतून, दारांतून, आरशांतून त्यांनी देश पाहिला. दुसरी, ऋत्विक घटक यांचा १९५८ चा 'अजांत्रिक' हा बंगाली चित्रपट. तो घडतो छोटा नागपुरात, आपल्या नव्हे. बिमल नावाचा चालक आणि त्याची जुनाट शेवरोले 'जगद्दल' यांची ती कथा. शेवटी गाडी भंगारात जाते आणि तिचा भोंगा एका लहान मुलाच्या हाती राहतो. मी तो पाहिला तेव्हा मधेच उठून अंगणात गेलो.

सध्या माझी पद्धत अशी आहे. गाडीला हात लावण्यापूर्वी चारही बाजूंनी एकेक चित्र. मग आतले, आहे तसे, धुळीसकट. नंतर मालकाला किंवा मालकिणीला विचारायचे की यातले तुमचे काय आहे. ते जिथे बोट ठेवतील त्याचे जवळून चित्र, आणि त्यांनी सांगितलेली हकिकत तारखेसह वहीत. क्रमांकाची पट्टी त्यांच्या परवानगीवाचून कोणाला दाखवायची नाही. आतापर्यंत अकरा गाड्या झाल्या. एका जीपच्या मालकांनी बोट ठेवले ते टपाच्या कापडाला पडलेल्या भोकावर, आणि त्याची हकिकत अर्धा तास सांगितली.

येत्या रविवारी इतवारीत एक डुक्कर फियाट पाहायला जायचे आहे. नऊ वर्षे पोत्याखाली झाकून ठेवली आहे म्हणतात. मालकांना मी फोनवर दोनदा सांगितले आहे की मी येईपर्यंत गाडी धुऊ नका. ते म्हणाले, "बरं बाबा, नाही धुवत. पण पाहुण्याला असं कसं दाखवायचं?"