बालकांतील जस्ताची उणीव आणि पावसाळी अतिसार

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, मलप्रभेच्या उगमाशी असलेल्या कणकुंबीच्या परिसरात, मुसळधार पाऊस पडतो. ओढ्यांना पूर आला की आडवळणाच्या वस्त्यांतून दवाखाना गाठणे कठीण होते. याच दिवसांत पिण्याचे पाणी दूषित होऊन बालकांत अतिसार बळावतो. म्हणून या रोगाशी निगडित असलेल्या जस्त (झिंक) या पोषक द्रव्याचा विचार पावसाळ्यापूर्वीच होणे अगत्याचे आहे.

पेशींची वाढ, आतड्याच्या अस्तराची दुरुस्ती आणि रोगप्रतिकारशक्ती यांसाठी जस्त आवश्यक असते. अतिसारात ते मळावाटे वाहून जाते. उणीव झाली की अस्तर दुबळे होते व बालकास पुन्हा अतिसार जडतो. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षे वयाच्या सुमारे १९ टक्के बालकांत ही उणीव आढळली.

भात, नाचणी व कडधान्ये यांत जस्त असते; परंतु त्यांतील फायटेट हे द्रव्य ते शरीरात शोषले जाऊ देत नाही. धान्य भिजविल्याने, मोड आणल्याने वा आंबविल्याने फायटेट कमी होते. आंबविलेली नाचणीची आंबील आणि मोडाची उसळ यांचे महत्त्व यातच आहे. अंडी, मासे व मांस यांतील जस्त अधिक सहज शोषले जाते. सहा महिने पूर्ण होताच स्तनपानासोबत असा पूरक आहार सुरू करावा.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये अतिसारात जलसंजीवनीबरोबर जस्त देण्याची शिफारस केली. भारतातील कार्यक्रमानुसार २ ते ६ महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, व त्यापुढे पाच वर्षांपर्यंत एक गोळी १४ दिवस द्यावयाची असते. लहानग्यास ती आईच्या दुधात, मोठ्यास स्वच्छ पाण्यात विरघळवून द्यावी.

जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले की गोळ्या बंद केल्या जातात. ही मोठी चूक होय. उरलेल्या दिवसांत झीज भरून निघते व पुढील काही महिने अतिसाराचा संभव घटतो. मात्र जस्त हे जलसंजीवनीस पर्याय नव्हे, तसेच न्यूमोनियावरील औषधही नव्हे. धाप लागणे, डोळे खोल जाणे, मळातून रक्त जाणे वा मूल सुस्त होणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. आशा कार्यकर्तीकडून जलसंजीवनीची पाकिटे व गोळ्या पूर येण्याआधीच घरी आणून ठेवणे हिताचे ठरते.