'द्यावी'चे इंग्रजी : शुड, मे, मस्ट आणि शॅल

निवासी शाळेत विद्यार्थी स्वतःहून जो इंग्रजी मजकूर सर्वांत अधिक लिहितात, तो म्हणजे रजेचा अर्ज. या अर्जांत एक वाक्य दरवर्षी हमखास भेटते : 'यू शुड गिव्ह मी लीव्ह फॉर टू डेज.' लिहिणारा विद्यार्थी उद्धट नसतो. त्याच्या मनात 'मला दोन दिवसांची रजा द्यावी' हे अत्यंत नम्र मराठी वाक्य असते आणि त्यातील 'द्यावी'साठी त्याने 'शुड' योजिलेले असते, इतकेच. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ते 'मला रजा देणे तुमचे कर्तव्य आहे' असे ऐकू येते. विनंतीची ताकीद होऊन बसते.

हा दोष विद्यार्थ्याच्या आळसाचा नाही; दोन भाषांच्या घडणीचा आहे. मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ आपण शिकलो. त्यांतील विध्यर्थाचे एकच 'वा'चे रूप किती कामे करते ते पाहावे. 'मुलांनी खरे बोलावे' येथे कर्तव्य आहे. 'गाडी मलकापूरला पोहोचली असावी' येथे तर्क आहे. 'यंदा पाऊस वेळेवर यावा' ही इच्छा, तर 'रजा द्यावी' ही विनंती. मराठी माणूस यांतला भेद प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र या चार अर्थांची चार निराळी घरे आहेत : कर्तव्याला 'शुड', तर्काला 'मस्ट हॅव' किंवा 'मे हॅव', इच्छेला 'आय होप' किंवा 'आय विश', आणि विनंतीला 'वुड यू', 'कुड यू'. म्हणून भाषांतर करताना 'द्यावी' या शब्दाचे इंग्रजी शोधू नये. 'द्यावी'मागचा हेतू शोधावा.

विनंतीला 'वुड' आणि 'कुड' का लागतात, यालाही कारण आहे. मराठीत आदर दाखवायला 'तू', 'तुम्ही', 'आपण' अशा पायऱ्या आहेत. इंग्रजीत मुख्याध्यापकांना 'यू' आणि वर्गमित्रालाही 'यू'च. सर्वनामाने जो मान द्यायचा, तो तेथे सहायक क्रियापदाकडे सोपविलेला आहे. 'कॅन यू', 'कुड यू', 'वुड यू काइंडली' ही एका अर्थी इंग्रजीतील 'तू, तुम्ही, आपण' अशीच चढण आहे. आमच्या वर्गात ही तुलना सांगितली की मुलांना वेगळे पाठांतर करावे लागत नाही.

रूपाच्या चुकांविषयी थोडक्यात. 'शकतो, शकते, शकतात' हे लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणून 'ही कॅन्स' लिहावेसे वाटते. 'जायला हवे' यात 'ला' येतो, म्हणून 'मस्ट टू गो' होते. इंग्रजीतील ही क्रियापदे कर्त्याप्रमाणे बदलत नाहीत आणि त्यांच्यानंतर मूळ क्रियापद 'टू'शिवाय येते. एकट्या 'ऑट'नंतर तेवढे 'टू' येते. 'कॅन एबल टू' मध्ये एकच सामर्थ्य दोनदा सांगितले जाते. 'कॅन' किंवा 'इज एबल टू', यांतील एक पुरे.

तर्काचा 'मस्ट' समजावून देण्यासाठी आमच्या जिल्ह्यातले उदाहरण सोयीचे पडते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. कारण ठाऊक नव्हते तोवर योग्य वाक्य होते, 'इट मे बी ड्यू टू अल्गी', म्हणजे शैवालामुळे असू शकेल. पाणी आटले आहे, खारटपणा वाढला आहे, अशी लक्षणे जुळू लागली की 'इट मस्ट बी ड्यू टू द सॉल्ट' म्हणावे, म्हणजे क्षारामुळेच असणार. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि क्षारात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव आढळले. आता फक्त 'इज'. पुष्कळांना वाटते की 'मस्ट बी' हे 'इज'पेक्षा जोरदार आहे. तसे नाही. 'मस्ट बी' म्हणणारा अजून अनुमानच करीत असतो. प्रत्यक्ष जाणणाऱ्याला सहायक क्रियापदाची गरज पडत नाही. या तर्काचा नकारही 'मस्ट नॉट'ने सहसा होत नाही; 'तो वसतिगृहात असणे शक्य नाही' याला 'ही कान्ट बी इन द हॉस्टेल' म्हणतात.

बंधनाच्या अर्थी तर 'मस्ट नॉट' अधिकच फसवे आहे. 'यू मस्ट नॉट कम ऑन संडे' म्हणजे रविवारी येण्यास मनाई. 'यू नीड नॉट कम ऑन संडे' म्हणजे येण्याची सक्ती नाही, आलात तरी चालेल. पालकांना पाठवायच्या सूचनेत या दोहोंची अदलाबदल झाली, तर भेटीसाठी दूरच्या गावाहून निघू पाहणारी आई घरीच थांबेल.

'कॅन' आणि 'मे' यांतील भेद पाठ्यपुस्तकात सामर्थ्य आणि परवानगी असा दोन शब्दांत संपतो. तो भेद जिवावर कसा बेततो, हे महाडच्या इतिहासाने दाखविले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत करून घेतला. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले. म्हणजे 'दे वेअर अलाउड टू ड्रिंक'. पण समाज पिऊ देत नव्हता, म्हणून 'दे कुड नॉट ड्रिंक'. परवानगी कागदावर होती, सामर्थ्य नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्यावर गेले व पाणी प्याले. या दिवसाविषयी 'दे कुड ड्रिंक' असे लिहू नये. भूतकाळात एखादे विशिष्ट कृत्य प्रयत्नाने साधले, तर 'दे वेअर एबल टू ड्रिंक' किंवा सरळ 'दे ड्रँक' म्हणावे. 'कुड' हे भूतकाळातल्या सर्वसाधारण क्षमतेसाठी आहे.

आता 'शॅल'. बोलण्यातून हा शब्द जवळजवळ गेला आहे आणि शिक्षकही तो उरकून टाकतात. आम्हांला हे पटत नाही, कारण कायद्यात तो ठाण मांडून बसला आहे. तेथे 'शॅल' म्हणजे बंधन आणि 'मे' म्हणजे बहुधा मुभा. मराठी कायदेभाषेत 'शॅल'साठी अनेकदा साधे 'करील' येते, आणि वाचणाऱ्याला ते आश्वासन किंवा भाकीत वाटते. त्यातील सक्ती डोळ्यांआड होते.

शिक्षणाचेच उदाहरण घेऊ. राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी 'शॅल एन्डेव्हर टू प्रोव्हाइड' अशी शब्दयोजना होती. बंधन होते ते प्रयत्न करण्याचे, आणि तेही घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या मुदतीत. शिवाय हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. दहा वर्षे १९६० साली संपली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ क मूलभूत हक्कांत आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तेथे 'शॅल प्रोव्हाइड' असे शब्द आले. 'एन्डेव्हर' गळाले. त्याचा अंमल १ एप्रिल २०१० रोजी सुरू झाला. त्याच अनुच्छेदात पुढे 'मे' हा शब्दही आहे, पण तो शिक्षण कोणत्या रीतीने द्यायचे हे कायद्याने ठरविण्यापुरता. द्यायचे की नाही, हे ठरविण्याची मुभा तो देत नाही. गळालेला 'एन्डेव्हर' नाहीसा मात्र झाला नाही. नव्या अनुच्छेद ४५ मध्ये तो सहा वर्षांखालील बालकांच्या संगोपन व शिक्षणासाठी ठेवला गेला. अंगणवाडीतले मूल आणि पहिलीतले मूल यांच्यातील घटनात्मक अंतर असे एका क्रियापदात सामावले आहे.

म्हणून कार्यालयाला लिहिताना आधी नियम वाचावा. नियमात 'मे' असेल, तर आपण मुभा मागत आहोत : 'आय शुड बी ग्रेटफुल इफ यू वुड कन्सिडर माय ॲप्लिकेशन.' नियमात 'शॅल' असेल, तर कृतज्ञतेची भाषा अस्थानी आहे. आपल्या आधीच्या पिढीने हक्काच्या गोष्टींसाठीही 'द्यावी ही विनंती' असेच अर्ज लिहिले, कारण नियम इंग्रजीत होते आणि ते वाचून दाखविणारा कोणी नव्हता. अशा वेळी नियमाचा क्रमांक देऊन लिहावे : 'अंडर धिस रूल, द फी शॅल बी रिफंडेड. आय हॅव नॉट यट रिसीव्ह्ड इट. वुड यू प्लीज लेट मी नो व्हेन आय कॅन एक्स्पेक्ट इट?' पहिल्या वाक्यातील 'शॅल' नियमाचा आहे, शेवटच्या वाक्यातील 'वुड' आपल्या सौजन्याचा. आणि 'शुड' कोठेही लागलेला नाही.