अंथरुणावर वही नको

चि. बाळ,


तुझा फोन झाल्यापासून तुझ्या चिमणीचाच विचार डोक्यात आहे. तिसरीतली पोर आडवी झाली की पोटात दुखतं म्हणते, ‘उद्या सातचा पाढा विचारला तर?’ म्हणून रडते आणि तू साडेदहाला पुन्हा वही उघडून बसतेस. ते आधी थांबव. पेंगुळलेल्या डोक्यात पाढा शिरत नाही. भीती वाटली की वही काढायची, एवढंच ती त्यातून शिकेल.

हे रडणं रात्रीच का येतं, ते बघ. तू दिंडोशीला मेट्रोतून उतरून घरी पोचतेस आठ वाजता. मग कुकर, भांडी, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप. आई शेजारी निवांत बसते ती थेट झोपताना, म्हणून दिवसभराचं साठलेलं तेव्हा बाहेर येतं. ती वेळ अलीकडे आण. भाजी चिरताना तिला जवळ बसव आणि उद्याचं कशाचं टेन्शन आहे ते विचार. सांगेल ते तिलाच वहीच्या मागच्या पानावर लिहू दे. जमेल तेवढा अभ्यास तेव्हाच करा, राहिला तर राहिला. दप्तर भरून दाराशी ठेवलं की विषय संपला. रात्री पुन्हा निघालाच तर ‘लिहून ठेवलंय ना, उद्या संध्याकाळी बघू’ एवढंच म्हण आणि पाठीवरून हात फिरव.

‘त्यात काय घाबरायचं!’ असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. मूल गप्प होतं, भीती तशीच राहते. पाढा चुकला तर काय होईल असं वाटतं, हे हळूच विचार. इतकी वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं; पाढ्याला घाबरणारी मुलं मला थोडीच भेटली. बहुतेकांना सगळ्यांसमोर उभं राहायची, पोरं हसतील याची, नाहीतर आई काय म्हणेल याची धास्ती असायची. चिमणीचं उत्तर असंच काही निघालं तर पाढे घोकून घेण्यात अर्थ नाही. आईची धास्ती असेल तर तुझा आवाज उतरव, वर्गाची असेल तर बाईंना भेट.

भेटायला संकोच कसला? शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) २९व्या कलमातच मूल भय आणि चिंतेपासून मुक्त राहील असं शिक्षण हवं, असं लिहिलंय. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, रोज नव्हे! तरी भांडायला जाऊ नकोस. वर्गात शहाण्यासारखं बसणारं मूल रात्री घरी रडतं, हे बाईंना कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच तर राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं शाळांना सांगितलं. पण घरात अकरापर्यंत टीव्ही चालू असेल तर त्याचा काय उपयोग? घर लहान, सगळ्यांची एकच खोली, हे मी जाणते. तरी नऊला टीव्ही बंद झालाच पाहिजे. जावईबापूंनाही हे वाचून दाखव.

आणि एक. महिनाभर असं करूनही पोटदुखी थांबली नाही, किंवा वाचताना ती अक्षरं उलटसुलट करते, फळ्यावरचं उतरवायला फार वेळ घेते असं बाईंनी सांगितलं, तर तिला आळशी ठरवू नका. पोटदुखीसाठी आधी बालरोगतज्ज्ञांना दाखव. वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीची, म्हणजे अध्ययन अक्षमतेची, तपासणी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात होते. तिथे जायला लाजू नकोस.

या सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाक, बाईंना भेट आणि काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी,
मावशी